सासू माझी गंगामाय

आमचा बाप मेंढरं राखायचा, मी टायरं राखतो. शहागडला हायवेवर पंक्चरचं दुकान हाये माझं, मागं गोदावरी, तिला आमच्याकडं गंगाच म्हणतात. बायको सुमन, तिला न माय न बाप, मामानं वाढवली अन् लग्न लावून मामा जो गेला तो गेलाच. मी इचारलं, तुझं माहेर कोणतं गं, तं तिनं गंगेकडं बोट केलं, म्हणली ती काय, माय तिथंच ऱ्हाती. मी हसलो.

मंग दर पुराला गंगेची ओटी, तिला नवी साडी अन् मला जुनाच शर्ट, म्हणजे जळणं तवाच सुरू झाल्तं, पर खरा जळालो धोंड्याच्या महिन्यात. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, जावयाला सासरी बोलवतात, पुरणाचे धोंडे, नवे कपडे. शेजारचा चहावाला बबन सासरहून अंगठी घालून आल्ता, अन् काय सांगू तुम्हाला, कप बी असा धरायचा की अंगठी आधी दिसावी. तिच्याकडं बघता बघता मी ट्रॅक्टरच्या ट्यूबात हवा भरतच राह्यलो, फुटली ती.

तो राग घरी काढला. म्हणलं, तुझी माय एवढी मोठी, पार नाशिकहून येती, एका जावयाला जेवू घालणं होईना का तिला? सुमन अर्ध्या ताटावरून उठली. तवा समजलं कुठं लागलं ते.

सकाळी म्हणली, चला, मायनं बोलावलंय. काठावर पाट मांडला, पायावर गंगेचं पाणी, टिळा, नवी टोपी, ताटात धोंडे. धुणं धुणाऱ्या बाया हसून राह्यल्या. मी ऐटीत गंगेच्या पाया पडायला वाकलो अन् शेवाळावरून सटकून थेट पाण्यात, टोपी गेली वाहून. सुमन म्हणली, घाबरू नका, सासूनं जवळ घेतलं. हसता हसता तिचे डोळे भरले, म्हणली, आज माहेरी आल्यासारखं वाटलं.

यंदाच्या धोंड्याला बबनचे सासू-सासरे ऱ्हायले न्हाईत, मेव्हण्यांनी बोलावलं न्हाई. नुसता अंगठी फिरवत बसल्ता. सुमन त्याच्या बायकोला म्हणली, तू बी मायचीच लेक, आण भाऊजींना. काठावर दोन पाट पडले. बबनच्या ताटातले धोंडे मोठे होते, चांगले मोठे. मी म्हणलं, हे काय? सुमन म्हणली, नव्या जावयाचा मान असतो.

म्हणजे बघा, सासू मिळाली तं साडू बी मिळाला. गंगामाय समद्यांचं भलं करो. फक्त पुढच्या धोंड्याला, माय, मोठं ताट जरा माझ्याकडं सरकव.