मेव्हण्याच्या गादीवर एक फेरी

मंडळी, ऐका. खोटं बोलताना माणसाला काही बोचतं का हो? माना हलवू नका — नाही बोचत! मग बोचतं तरी कधी?

एका शहरात बससेवा होती. तिथले भांडार अधिकारी माधवराव चिंचणकर. काटेकोर माणूस! देवघरातली वातसुद्धा तीन दुकानांतून भाव काढून आणायचे. बसच्या आसनांना नव्या गाद्या हव्या होत्या, निविदा निघाली. सीलबंद पाकिटं सर्वांसमक्ष उघडली आणि सगळ्यांत कमी दर निघाला — विलासचा! विलास कोण? माधवरावांचा सख्खा मेव्हणा. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी मात्र पत्नी उषाताई म्हणाल्या, "आयुष्यात एकदा माझ्या भावाला हो म्हणा. फार मागतेय का मी?"

सांगा, कोण नाही म्हणेल? तुम्ही? वहिनी बायकांच्या बाजूला बसल्यात, जपून बोला!

उरली नमुन्याची चाचणी. तिथली रीत अशी, की नमुन्याची गादी चालू बसमध्ये बसवायची, भांडार अधिकाऱ्याने तिच्यावर बसून एक फेरी करायची आणि समितीने शेजारी बसून त्याचं मत लिहायचं. रस्ता सगळ्यांत खड्ड्यांचा. तो शोधायला निविदा लागत नव्हती!

पहिला खड्डा आला. गादीतल्या चिंध्या सरकल्या, खालची पट्टी थेट माकडहाडाला! समितीच्या साहेबांनी विचारलं, "कशी आहे?"

"मऊ आहे."

दुसरा खड्डा. "फारच मऊ आहे." डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. बायकोच्या माहेरासाठी माणूस काय काय सोसतो!

बाजाराच्या थांब्यावर एक गरोदर बाई चढली. बस गच्च भरलेली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, ताईंना बसू द्या की. गादी मऊ आहे म्हणताय."

माधवराव उठले. बाई बसायला वळली — आणि त्यांनी हात आडवा घातला. "नको, पोरी. इथे बसू नकोस."

समितीच्या साहेबांना उठवून त्यांच्या जागी तिला बसवलं आणि म्हणाले, "लिहा, नमुना नापास. माल माझ्या मेव्हण्याचा आहे, तेही लिहा. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

घरी काय झालं? बरेच दिवस आमटीत मीठ नव्हतं.

हसताय? हसा. आपलं खोटं आपल्याच पाठीत रुतलं तर आपण सोसतो, वर मऊ म्हणतो. पण दुकानात, कचेरीत आपण 'चांगलं आहे' म्हणून सोडलेल्या मालावर कुणीतरी विश्वासाने टेकतंच. तिथे तुमची लेक बसायला आली, तर तुम्हीही हात आडवा घालाल. आज जी बसलीय, ती कुणाची लेक आहे? तेवढं मनाला विचारा आणि मग घ्या विठ्ठलाचं नाव.