चौघांची बस

मिस्त्री: पाय सरळ करा ताई. दुमडू नका.

लेक: सरळच करतेय मिस्त्री. पुढे फळी आहे.

मिस्त्री: मग डोकं जरा वर घ्या.

लेक: वर कपाट आहे.

मिस्त्री: झाली का पंचाईत. ड्रायव्हरसाहेब, इकडे या. तुमची लेक या पलंगात मावत नाहीये.

बाबा: मावेल. कुशीवर झोप म्हणावं.

लेक: बाबा, मी कुशीवरच आहे.

मिस्त्री: आठ महिने झाले मी या बसचं घर करतोय. बावन्न सीटा उपटल्या, ओटा बसवला, नळाला पाणी आणलं. माझं एक माप चुकलं नाही. हेसुद्धा तुम्ही सांगितलंत तेच आहे. चार फूट सात इंच. मी दोनदा विचारलं होतं.

बाबा: हो, विचारलं होतंत.

मिस्त्री: ताई, माझी पद्धत सांगतो. ज्याला झोपायचंय त्याला आधी खाली आडवा करतो, खडूने रेघ मारतो, मगच फळी कापतो. यांना म्हटलं, पोरांना एकदा घेऊन या. तर म्हणे, माझ्या पोरांची मापं मला तोंडपाठ आहेत.

लेक: चार फूट सात कुठून आणलंत बाबा?

बाबा: घरच्या दाराच्या चौकटीवर आहे. तुझी शेवटची रेघ.

लेक: ती सहावीतली आहे.

बाबा: त्यानंतर तू चौकटीला उभीच राहिली नाहीस.

लेक: त्यानंतर तुम्ही यायचात तेव्हा मी शाळेत असायचे, नाहीतर क्लासला. महिन्यातले चार दिवस तुम्ही घरी, त्यातले दोन झोपण्यात जायचे. रेघ मारणार कोण?

बाबा: ट्रकवरचं काम तसंच असतं गं. माल पोचल्याशिवाय...

लेक: माहीत आहे. मी तक्रार नाही करत. मी आता सत्तावीस वर्षांची आहे, एवढंच सांगतेय.

मिस्त्री: मी जरा चहाचं बघून येतो. बिनसाखरेचा कुणाला? कुणालाच नाही? बरं.

(मिस्त्री खाली उतरतो. बसमध्ये बापलेक दोघंच.)

बाबा: एवढ्यावरून मनाला लावून घेऊ नकोस. कपाट फूटभर मागे घेतलं की झालं. हा ओटा बघ. तुझ्या आईच्या उंचीचा केलाय, तिला वाकायला नको. पाठ धरते ना तिची.

लेक: आता नाही धरत. पोहायला जाते ती.

बाबा: पोहायला?

लेक: आठवड्यातून तीनदा. दोन वर्षं झाली.

बाबा: मला बोलली नाही.

लेक: तुम्ही विचारलं नसेल.

बाबा: मला वाटायचं, बाजारात जाते. बरं, ही जागा तुझ्या दादाची. खिडकीजवळ. त्याला गाडी लागते. आई कधी येतेय बघायला?

लेक: तेच सांगायला आले होते. तो पलंग मध्येच आला.

बाबा: बोल.

लेक: ती नाही येणार. बघायला नाही आणि प्रवासालाही नाही. दादाही नाही म्हणालाय. चार दिवस दोघं एकमेकांना सांगत होते, तू सांग, तू सांग. शेवटी मला पाठवलं.

बाबा: रागावलीय का ती?

लेक: रागावली असती तर समजूत तरी काढता आली असती. राग नाहीये बाबा. तुमच्याशिवाय घर चालवायची सवय झालीय तिला. तुम्ही रिटायर होऊन आलात, तर तिला वाटायला लागलं की पाहुणा आलाय आणि जायचं नाव घेत नाही. हे तिचेच शब्द आहेत, मी पदरचं काही घालत नाही.

बाबा: खरं आहे तिचं. सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो की ती गप्प व्हायची. कपाट उघडलं की विचारायची, काय हवंय. म्हणून तर ही बस घेतली. घरात मी सगळ्यांच्या पायात येतो. गाडीत निदान मला कळतं काय करायचं ते. म्हटलं, मी चालवीन, तुम्ही मागे बसाल. हळूहळू ओळख होईल.

लेक: हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

बाबा: फोनवर काय सांगणार? पोचलो, जेवलो, ठेवतो. बावीस वर्षं शेजारची सीट रिकामी घेऊन हिंडलो. काय काय दिसायचं. एका धरणाच्या भिंतीवरून रस्ता जातो, दोन्हीकडे पाणी. दर खेपेला ठरवायचो, इथे पोरांना आणायचं. फार एकटं वाटायचं मला.

लेक: मी सहावीत असताना म्हटलं होतं, मला ट्रकमधून न्या.

बाबा: आठवतं. पुढच्या सुट्टीत नेतो म्हणालो होतो.

लेक: मी बॅग भरून ठेवली होती. बरेच दिवस.

बाबा: आता येतेस? महिनाभर नको. आठवडा?

लेक: रजा नाही म्हणून सांगणार होते. रजा आहे. पण आठवडाभर तुमच्याशी काय बोलायचं, तेच मला कळत नाही. सांगताना खूप वाईट वाटतंय.

बाबा: सांगितलंस ते बरं केलंस. रडू नकोस.

मिस्त्री: चहा घ्या, गरम आहे तोवर. काय ठरलं मग? कपाट मागे घेऊ?

बाबा: राहू द्या आहे तसं.

मिस्त्री: अहो, पण ताई झोपणार कुठे?

बाबा: सामान ठेवीन तिथे. कुणी येत नाहीये.

मिस्त्री: आणि बाकीचे दोन पलंग? माझं काही चुकलं का साहेब?

बाबा: तुमचं काम चोख आहे. मी सोमवारी निघतो. गाडी नुसती उभी राहिली की खराब होते.

लेक: एकटेच?

बाबा: सवय आहे मला.

लेक: सोमवारी कुठे जाणार बाबा? पहिला मुक्काम कुठे?

बाबा: ते ठरवलंच नव्हतं. तुम्हाला विचारून ठरवणार होतो.