शेजारणीच्या खोलीतली झुरळं

आक्कांना माझी दया आलती, तो किस्सा ऐका. अनगोळात शिकायला खोली घेऊन राहिलते तवा माझ्या ओट्यावर झुरळांनी नुसता उच्छाद मांडलता. आक्का म्हणजे खाली राहणाऱ्या घरमालकीण. त्यांना येता-जाता सांगायची. त्यांचं एकच उत्तर, "बघू की गं."

शेजारच्या खोलीत वैशाली राहायची, माझ्यासारखीच शिकायला आलेली. पण ती लोंढ्याची, आणि आक्कांचं माहेरबी लोंढ्याचंच. तिनं एक झुरळ दिसलं म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी औषध मारणारा माणूस हजर! मी दारात उभी राहून बघत होते. लई जळफळाट झाला. म्हटलं, "आक्का, माझ्याबी खोलीत मारून घ्या की."

"औषध संपलं गं."

आता औषधाच्या वासानं झुरळं पळाली, ती जाणार कुठं? भिंतीला लागून मीच. डब्यात, चपलांत, पुस्तकांत, जिथं हात घालीन तिथं झुरळ.

दोन दिवसांनी आक्का स्वतः जिना चढून माझ्या दारात आल्या. मला वाटलं, आली एकदाची दया! लगबगीनं खुर्ची पुढं केली.

त्या उभ्यानंच म्हणाल्या, "वैशालीच्या दाराला कुलूप हाय. तिच्या खोलीतली झुरळं गेली का गं?"

"गेली की! सगळी माझ्याकडं आल्यात."

आक्कांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "व्हय? मग बरं झालं बाई," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.