रंगनाथभाऊंच्या खिशातला चाकू

आजच्या या छोटेखानी समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉटेल चैत्रगंधचे मालक आदरणीय नृसिंहकाका जोशी, आपले व्यवस्थापक शौनकसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती रंगनाथभाऊ वाबळे, त्यांच्या शेजारी बसलेल्या मुक्ताबाई वहिनी, तिसगावहून मुद्दाम आलेली त्यांची भावकी, आणि स्वयंपाकघर, लॉन्ड्री, काउंटर, पार्किंग अशा सगळ्या खात्यांतून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी विजयमाला. हाउसकीपिंगची. भाषणाची मला सवय नाही. रोज बोलते ते चादरी आणि उशीच्या खोळींबद्दल. पण शौनकसाहेब म्हणाले, रंगनाथभाऊंबरोबर चौदा वर्षं तुम्ही काढलीत, तुम्हीच बोला. आता त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि वक्तशीरपणाबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मग मी काय सांगावं? मी एका वस्तूबद्दल सांगणार आहे. त्यांच्या खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल. हसू नका, त्या चाकूवरून आमचं जेवढं वाजलं तेवढं दुसऱ्या कशावरून वाजलं नाही.

नवीन आलेल्यांनी तो कदाचित नीट पाहिलाही नसेल. मिटला की करंगळीएवढा. लाकडी मूठ, बोटाच्या दोन पेरांएवढं पातं. काउंटरवर भाऊ उभे असले की उजव्या खिशात तो असायचाच. मी कामाला लागले तेव्हा एका दिवसात त्याची कामं पाहिली होती. सकाळी साबणाच्या पोत्याची शिवण उसवली. मग हारांच्या जुडीचा दोरा कापला. नाशिकच्या एका आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट उघडेना, ते कापून दिलं. विमानतळावरून आलेल्या एका बाईंच्या बॅगेला प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली होती, ती तोडली. दुपारी त्यांनी त्याच चाकूनं पेरू चिरला, आधी धुऊन, आणि अर्धा मला दिला. कात्री मागायला तीन मजले चढायचे, तोवर भाऊंचं काम उरकलेलं असायचं.

त्याचा त्रासही होता. तो त्यांनीच सांगितलेला आहे. एकदा रंगाच्या डब्याचं झाकण त्यांनी चाकूच्या टोकानं उचकटायला घेतलं. पातं अडकून राहायला त्याला खटका नव्हता. ते फटकन मिटलं आणि बोटावर चार टाके पडले. तेव्हापासून ते म्हणायचे, चाकू कापायला असतो, उचकटायला नाही. आणि धार गेलेला चाकू जास्त वाईट, कारण त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. देवळाच्या दारात तपासणी असते, म्हणून आपल्याकडं दर्शनाला निघालेले पाहुणे असे चाकू काउंटरवर ठेवून जातात. काहींना विमानाच्या वेळेला आठवतं की खिशात चाकू आहे, मग ते इथंच टाकून पळतात. काउंटरचा एक अख्खा खण अशा चाकूंनी भरला आहे. म्हणजे वस्तू सोयीची खरी, पण सगळीकडं चालणारी नव्हे. बाळगायची तर कुठं न्यायची आणि कुठं नाही हे आधी ठाऊक हवं.

पण माझा विरोध या कारणांसाठी नव्हता. मला तो चाकू डोळ्यांसमोर नको होता. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी शौनकसाहेबांकडं तक्रार केली. पाहुण्यांसमोर चाकू काढणं बरं दिसत नाही, असं कारण दिलं. ते खोटं होतं. कुणा पाहुण्यानं कधी हरकत घेतली नव्हती. साहेबांनी नियम केला, कामावर कुणी चाकू बाळगायचा नाही. रंगनाथभाऊ माझ्याकडं आले, भांडले नाहीत. तक्रार मी केली हे त्यांना कळलं होतं. एवढंच म्हणाले की तुम्हाला त्रास होत असेल तर ठेवतो खणात. तसा त्यांनी मला शब्द दिला.

त्यानंतर महिनाभरानं लॉन्ड्रीतली गोष्ट घडली. आपली मेरी इथं तिसऱ्या ओळीत बसली आहे, तिला विचारून सांगते आहे. कपडे पिळायच्या मशीनच्या मागं पट्टा असतो, त्याच्यावर जाळी असते. ती जाळी दुरुस्तीसाठी काढली होती आणि परत बसवायची राहिली होती. ते बघणं माझं काम होतं. ती चूक माझी, हे मी आज काकांसमोर पुन्हा सांगते.

मेरी मागं पडलेला टॉवेल उचलायला वाकली आणि तिची ओढणी पट्ट्यात गेली. ओरडायलाही तिला वेळ मिळाला नाही, कारण ओढणी गळ्याभोवती होती. मी धावत जाऊन बटन बंद केलं. पण ज्यांनी ते मशीन चालवलं आहे त्यांना माहीत आहे, बटन बंद केलं म्हणून ते लगेच थांबत नाही. ते फिरत राहिलं आणि मेरी मशीनकडं ओढली जात राहिली. मी तिची कंबर धरून मागं खेचत होते आणि त्यानं फास आणखी आवळत होता. मला ते कळत नव्हतं.

रंगनाथभाऊ साबणाची पोती मोजायला दारात आले होते. त्यांनी मला बाजूला ढकललं. ओढणीच्या आणि मानेच्या मध्ये डाव्या हाताची दोन बोटं घातली, उजव्या हातानं खिशातून चाकू काढला, अंगठ्यानं उघडला आणि बोटांच्या बाहेरच्या अंगानं ओढणी कापली. मेरी माझ्या अंगावर पडली. आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून राहिलो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. तिचा आवाज परत यायला आठ दिवस लागले. चाकूच्या नियमाचं नाव शौनकसाहेबांनी पुन्हा काढलं नाही.

चाकू खिशात कसा होता, हे मी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार? संध्याकाळी चहाच्या वेळी ते स्वतःच आले.

“ताई, शब्द दिल्ता तुम्हाला. पंधरा दिवस पाळला. मग परत घ्यायला लागलो. चुकलं माझं.”

ज्या माणसानं माझ्या खात्यातल्या बाईचा जीव वाचवला, तो माझी माफी मागत होता. तेव्हा मी त्यांना माझ्या भावाबद्दल सांगितलं.

माझा धाकटा भाऊ काकासाहेब. पाथर्डीत जीप चालवायचा. त्याच्याही खिशात असाच चाकू असायचा, टपावरच्या सामानाची दोरी कापायला. स्वभावानं वाईट नाही, पण डोकं लवकर तापायचं. एके दिवशी स्टँडबाहेर नंबरावरून दुसऱ्या ड्रायव्हरशी वाद झाला. जीप आधी कुणाची भरायची, एवढाच. आधी शिव्या, मग धक्काबुक्की, आणि मग त्याचा हात खिशात गेला. तो आजही सांगतो की हात कधी गेला ते मला आठवत नाही. समोरचा माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात आजही खांद्याच्या वर उठत नाही. भाऊ चार वर्षं तुरुंगात होता. त्या चार वर्षांत आमचे वडील गेले. खिशात चाकू नसता तर काय झालं असतं? दोघांनी एकमेकांना चार थपडा मारल्या असत्या आणि संध्याकाळी एकाच टपरीवर चहा प्याले असते.

रंगनाथभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते म्हणतील की उद्यापासून चाकू आणत नाही. तसं ते म्हणाले नाहीत. ‘बरं’ म्हणाले आणि कप विसळायला गेले. खरं सांगते, मला थोडा रागच आला.

पुढच्या उन्हाळ्यात, सुट्टीच्या गर्दीत, एका गाडीवाल्यानं गेटच्या तोंडाशीच गाडी लावली. ॲम्ब्युलन्सलासुद्धा वाट राहिली नाही. भाऊ सांगायला गेले. तो माणूस त्यांना आईवरून बोलला. भाऊंनी हात जोडले, तर त्यानं सगळ्यांसमोर त्यांच्या कानशिलात मारली. मी काउंटरजवळ उभी होते. भाऊ वळले आणि सरळ आत आले. पार्किंगमधलं कुणीतरी हसलं, म्हातारा घाबरला म्हणून. मलाही तसंच वाटलं.

ते काउंटरमागं आले. खिशातून चाकू काढला, खणात ठेवला, खण लावला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“ही तुमच्यापाशी ठेवा, ताई. मी आलो जाऊन.”

आणि ते परत बाहेर गेले. त्या माणसासमोर हात मागं बांधून उभे राहिले. गाडी हलल्याशिवाय मी हलणार नाही, एवढंच सांगत राहिले. पंधरा मिनिटं तो बडबडला. मग त्याच्याच घरच्यांनी त्याला गाडी काढायला लावली. भाऊ आत आले तेव्हा त्यांचा कान लाल झाला होता. मी किल्ली पुढं केली. ती त्यांनी घेतली नाही.

“आत्ता नको. अजून डोकं गरम हाय,” म्हणाले.

दुपारचं जेवण झाल्यावर येऊन घेऊन गेले. नंतर काउंटरवरच्या पोरींनी मला सांगितलं की लॉन्ड्रीच्या त्या प्रसंगापासून ते नेहमीच असं करतात. कुणाशी वाद होणार असं दिसलं की आधी खणाकडं जातात आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतात. मला ते वर्षभर माहीत नव्हतं. बोलून दाखवण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

त्या वर्षी भाऊबीजेला मी ही हकिगत काकासाहेबला सांगितली. तो आता टेम्पो चालवतो. चाकू सोडा, लिंबूसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेतो. तो जेवत होता. त्यानं मला दोनदा विचारलं, किल्ली खरंच दुसऱ्याच्या हातात दिली? मी म्हटलं, हो, माझ्याच हातात. मग त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

“चाकू टाकून दे, असं समदे म्हनायचे मला,” तो म्हणाला. “राग आला की आधी ठेवून ये, असं कुनी म्हनलंच न्हाई.”

मित्रहो, घडीचा चाकू बाळगावा की बाळगू नये, या प्रश्नाचं सरसकट उत्तर माझ्याकडं नाही. मी स्वतः आजही बाळगत नाही. लॉन्ड्रीत मात्र मशीनशेजारी भिंतीला आता एक कात्री अडकवलेली आहे आणि जाळी रोज सकाळी मी हात लावून बघते. नवीन मुलांना मी एवढंच सांगेन की भाऊंसारखा चाकू घ्यायचा असेल, तर तो खाली ठेवायचं भाऊंसारखं धैर्यही अंगी हवं. ते नसेल तर कात्रीसाठी तीन मजले चढा. चढण्यानं कुणाचं काही वाईट झालेलं नाही.

आज मी घरातली गोष्ट चारचौघांत बोलले. पाथर्डीकडची माणसं इथं आहेत, उद्या चर्चा होईल. म्हणून काल रात्री मी भावाला फोन करून विचारलं, की नाव न घेता सांगू का? तो म्हणाला, नाव घेऊन सांग. रंगनाथभाऊंचं घेशील तसं माझंही घे. म्हणून घेतलं.

रंगनाथभाऊ, तुमची तक्रार मी केली होती आणि कारण खोटं दिलं होतं. त्याबद्दल तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आज सर्वांच्या देखत मी तुमची क्षमा मागते. मुक्ताबाई वहिनी, इतकी वर्षं तुमच्या वाट्याचा वेळ आम्ही वापरला, तो आता तुम्हाला परत मिळतो आहे. काकांनी आणि शौनकसाहेबांनी मला बोलायची संधी दिली, मेरीनं तिची गोष्ट सांगू दिली, आणि आपण सगळ्यांनी जेवणाची वेळ टळून गेली तरी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपल्यातलीच एक बाई अडखळली असं समजून सांभाळून घ्या.

धन्यवाद.