हरकत नोंदवून घ्यावी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सल्लागार संस्थेचे संचालक माननीय अभिमन्यू माढेकर सर, प्रमुख पाहुणे प्राचार्य प्रभुलिंग हत्तुरे सर, सत्कारमूर्ती बिभीषण कोळेकर साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या रुपालीवहिनी, पहिल्या रांगेत खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले साहेबांचे थोरले बंधू बिरप्पाअण्णा, आणि पंखे इतके सावकाश फिरत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

अण्णा, जरा मागं सरकून बसा. माझ्यानंतर अजून भाषणं आहेत.

मी या संस्थेत अहवाल लिहिते. आधी वर्तमानपत्रात होते, त्यामुळे वेळेत उरकायची सवय आहे. पण आज सरांनी माझ्यावर एक जादा काम सोपवलंय, ते सगळ्यांसमोर सांगून टाकते. काल केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, "रेश्मा, बिभीषण माझं ऐकत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मंगोलियाचं काम हातात आलंय, आणि हा राजीनामा देतोय. उद्या बोलताना तू त्याला चारचौघांत अडकव. चारचौघांत त्याला नाही म्हणता येत नाही." तेव्हा हे भाषण निरोपाचं की थांबवायचं, हे बोलता बोलता ठरेल.

अण्णांसाठी आमचा धंदा थोडक्यात सांगते. जगात कुठंही धरण, रस्ता, विजेची लाइन व्हायची असली आणि कर्ज मोठ्या परदेशी बँकेचं असलं, की बँक आधी विचारते, यानं तिथल्या पाण्याचं, गवताचं, जनावरांचं, माणसांचं काय होईल? ते बघून यायला आमच्यासारख्यांना पाठवतात. अहवालाच्या शेवटी एक प्रकरण असतं, त्याला आम्ही ऑफिसात 'हरकतीचं प्रकरण' म्हणतो. लोकांना बोलावलं, विचारलं, कोण काय म्हणालं.

आता गंमत बघा. साहेबांच्या तोंडात दिवसभर एकच पालुपद. चहा गार झाला, हरकत नाही. सामान भलत्याच देशात उतरलं, हरकत नाही. एकदा विमानतळावर त्यांच्या पिशवीतली कडक भाकरी अधिकाऱ्यानं बाहेर काढून बोटानं वाजवून पाहिली, शेंगाचटणीचा वास घेतला आणि दोन्ही ठेवून घेतलं. साहेब आठवडाभर उकडलेल्या बटाट्यांवर राहिले. परत आल्यावर विचारलं तर म्हणाले, "हरकत नाही, त्यानं खाल्ली असंल तर बरंय."

चिंचोळी एमआयडीसीत धुराड्यांची धूळ मोजण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस. कुठल्याही गैरसोयीला हरकत नाही म्हणणारा. पण हेच दोन शब्द अहवालात आले, की त्यांचा चेहरा बदलायचा.

किर्गिझस्तानातलं काम आठवतं. डोंगरातून उच्च दाबाची लाइन जायची होती. तिथल्या स्थानिक मंडळींनी गावात सभा घेतली, इतिवृत्त आलं, "हरकत नाही." मी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बँकेकडे अहवाल जायचा. आणि साहेबांचा तिथून फोन.

"रेश्मा, ते 'हरकत नाही' काढ."

"साहेब, उद्या शेवटची तारीख आहे. सभेत कुणीच काही बोललं नाही."

"सभेला कोण होतं? शिक्षक, दुकानदार आणि पोस्टातली बाई. बाकी अख्खं गाव मेंढ्या घेऊन वर कुरणात आहे. उन्हाळाभर तिथंच असतंय. हितं हरकत घेणार कोण, खुर्च्या?"

मग ते घोड्यावरून वर गेले. घोड्यावर बसता येत नसताना गेले. इकडे सरांची झोप उडाली. "घोड्याचं भाडं मी कुठल्या खात्यात दाखवू?" असं ते मला विचारत होते. सर, आता हसताय, तेव्हा हसत नव्हता.

वरच्या लोकांनी काय सांगितलं? लाइन नको, असं नाही. एवढंच म्हणाले, की तुमच्या कामगारांचा तळ खिंडीतल्या झऱ्यावर पडणार आहे, आणि थंडी पडायला लागली की आमचे कळप तिथंच पाणी पिऊन खाली उतरतात. तळ पुढं हलवा, आणि कळप उतरेपर्यंत खिंडीतलं काम थांबवा. एवढीच हरकत. ती लिहिली गेली, अहवाल उशिरा गेला, बँक कुरकुरली, आणि तळ हलला. पुढच्या वर्षी त्याच बँकेनं आम्हाला दुसरं काम दिलं, त्यामुळे सरांनीही घोडा माफ केला.

मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, "आमच्या गावात पण सर्व्हेवाले यायचे, नेमकं आम्ही मेंढरं घेऊन बाहेर गेल्यावर. कुलपं बघून लिहायचे, वस्ती रिकामी."

आता मंगोलियाकडे येते. या कामाची वाट साहेब कितीतरी वर्षं बघत होते. मैलोन्‌मैल गवत आणि मेंढ्या. त्यांनी जाड कोटही घेऊन ठेवला होता. आणि त्याच महिन्यात आपल्या संस्थेला दुसरं काम मिळालं, सांगोल्याकडच्या सौरऊर्जा प्रकल्पाचं. पैसा परदेशी बँकेचा, आणि जागा साहेबांच्या गावचा माळ. नकाशावर सगळा पडीक. तळ्याकडे जाणारी मेंढरांची वाट त्या नकाशात नाही.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं, या कामात मला घेऊ नका, माझं गाव आहे. ते रास्तच होतं. काम साहेबांच्या हाताखाली तयार झालेल्या आमच्या सृष्टीकडे गेलं. सृष्टीनं सुनावणीची तारीख पाहिली आणि कुणी न सांगता ती पुढं ढकलून घेतली, मेंढरं परत आल्यावरची. तिला विचारलं, अर्ज कुणी केला? म्हणाली, "कुणी कशाला करायला पाहिजे? साहेबांनी हेच तर शिकवलंय की."

इथं सगळं मिटलं असतं. अण्णा स्वतः सुनावणीत बोलणार होते. पण साहेब दिवाळीला गावी गेले, आणि जेवताना अण्णा जे बोलले ते मला वहिनींनी सांगितलंय. अण्णा, रागावू नका, तसंच्या तसं सांगते.

"जगभरच्या लोकांची हरकत लिवून आलास. सवताची कवा लिवणार?"

साहेब म्हणाले, "अण्णा, मी तिथं नोकरीला हाय. मला बोलता येत न्हाय. तू बोलतोयस की."

"माजं मी बोलंन. त्या वाटंनं तू बी मेंढरं न्हेलीस, का मी एकटाच? तुजं तुला बोलाय पायजे."

वहिनी म्हणाल्या, त्यानंतर साहेबांनी भाकरी संपवली, हात धुतले, आणि "हरकत नाही" हे काही म्हणाले नाहीत.

नियम सरळ आहे. अभ्यास करणाऱ्या संस्थेचा माणूस त्याच सुनावणीत हरकत घेऊ शकत नाही. सर म्हणाले, भाऊ बोलतोय ना, मग तू कशाला जातोस? साहेबांचं उत्तर दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. "सर, त्याची हरकत त्याची आहे. माझी अजून कुणी लिहून घेतलेली नाही." राजीनामा दिला. मंगोलियाला आता सृष्टी जाणार, म्हणून कोट तिला दिला. तो तिला दोन मापं मोठा होतोय, पण मंगोलियात आतून दोन स्वेटर जातील.

तर सर, तुम्ही दिलेलं काम मी प्रामाणिकपणे केलं. कालपासून ऑफिसात प्रत्येकाला विचारलं, साहेबांच्या जाण्याला तुमची हरकत आहे का? प्रयोगशाळेची आहे. हिशेब विभागाची आहे, घोडा धरूनसुद्धा आहे. आमचा बसू ड्रायव्हर तर म्हणाला, "लई हाय, म्याडम, लिवा." माझी तर आहेच. सगळ्या नोंदवल्या. पण हरकत म्हणजे काम बंद पाडणं नव्हे, तिला खरं उत्तर मिळालं पाहिजे, हेही साहेबांनीच शिकवलं. उत्तर पहिल्या रांगेत बसलंय, आणि अजून खुर्चीच्या कडेलाच बसलंय. म्हणून सर, तुमची क्षमा मागून सांगते, मला त्यांना अडवता येत नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, कोळेकर कुटुंबाचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात घरचं चारचौघांत आणलं, कुणाचं नाव राहिलं, कुणाचं जास्त घेतलं, तर ते पदरात घ्यावं.

साहेब, तुमच्यासाठी एक शेवटचं. येत्या मंगळवारी सुनावणीला टेबलामागं मी असेन. परवा तुम्ही मला म्हणालात, "माझं आहे म्हणून जास्त लिहू नको, आणि माझं आहे म्हणून कमीही लिहू नको." तसंच होईल. तुमची पाळी आली की मी मान वर करून विचारेन, आपलं नाव काय, गाव कोणतं. तेव्हा हसू नका. ओळखीच्या माणसालाही विचारायचं, हा नियम तुमचाच आहे.

मग सावकाश सांगा. मी लिहून घेते.