बघायचा थेंब आणि बरं करायचा थेंब

...चिडू नको तर काय करू, नाचू? डोळा माझा, काचबिंदू माझा, तो शोधून काढणारी बाई माझ्याच गावची, तिचं चष्म्यांचं दुकान माझ्या दारापासून तीनशे पावलांवर, औषधाचं दुकान तिच्या समोर, आणि ही बाई हात धुऊन, पुसून, चष्मा कपाळावर चढवून मला काय सांगते? ‘एमिल, तुझ्या डोळ्यातला दाब वाढलाय. मला दिसतंय सगळं. पण औषध मला देता येत नाही.’ का? तर सर्टिफिकेट नाही! अहो, आत्ता दोन मिनिटांपूर्वी हिनंच माझ्या डोळ्यात थेंब टाकला होता, त्याचं काय? ‘तो बघायचा थेंब. बाहुली मोठी करायचा. त्याचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे.’ म्हणजे घ्या! बघायचा थेंब चालतो, बरं करायचा थेंब चालत नाही!

तुम्हाला सांगतो, मी एमिल वोंद्राचेक, चाळीस वर्षं या टेकड्यांमधल्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. शाळा सहावीपर्यंत, पुढची शाळा बापाच्या शिडीवर. पन्नास फुटांवर, हातात पाना, खाली गवत आणि गुरं, वर वारा... कुणी विचारलं सर्टिफिकेट? एकदा पडलो, तेव्हाही नाही विचारलं. आणि ही अर्लीन, अर्लीन प्रोहास्का, चौतीस वर्षं अख्ख्या तालुक्याला चष्मे लावतेय, त्रेसष्ट वर्षांची बाई, आमच्या एका खोलीच्या शाळेत मी मागच्या बाकावर आणि ही पहिलीत पुढच्या बाकावर, तिला राज्याचं डोळ्यांचं बोर्ड म्हणतं, औषधाचं सर्टिफिकेट हवं तर शंभर तास वर्गात बस, लेखी दे, तोंडी दे, मग प्रत्यक्ष पेशंट तपासून दाखव, तोवर डोळ्यांच्या सर्जनकडे पाठव. सर्जन कुठे? एकशे चाळीस मैलांवर!

मी म्हटलं, मी नाही जाणार. माझा डोळा माझ्या गावात बिघडलाय, गावातच बरा होईल.

आता माझं दुखत होतं का? नाही. तोच तर त्याचा चोरटेपणा. फक्त डावीकडचं जग हळूहळू कमी होत होतं, ताटातलं जेवण कुणी नकळत उचलावं तसं. फाटकाचा डावा खांब दोनदा गाडीनं पाडला आणि दोन्ही वेळा खांबाला शिव्या दिल्या. अर्लीन म्हणाली, ‘गेलेलं परत येत नाही, एमिल. उरलंय ते राखायचं असतं. सर्जनकडे जा.’ मी म्हटलं, ‘तू दे औषध.’ ती म्हणाली, ‘जा.’ मी म्हटलं, ‘दे.’ शेवटी तिनं रागानं खण उघडला, बोर्डाचा अर्ज काढला, आणि माझ्या समोर, माझ्याच पेननं भरला. पेन परत दिलं नाही.

मग सुरू झाले ते गुरुवार.

दर शनिवार-रविवारी ती राज्याच्या राजधानीला वर्गाला, आणि गुरुवारी तिच्या खुर्चीत मी! सरावाला पेशंट हवा ना! पहिलं वाक्य ठरलेलं, ‘गेलास का सर्जनकडे?’ ‘नाही.’ ‘गाढवा. हनुवटी ठेव इथे.’ मग हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, डोळा बधिर करायचा थेंब, आणि मग समोरून दाब मोजायचा तो निळा दिवा यायचा... काय सांगू तुम्हाला! हिवाळ्यात उजाडायच्या आधी बर्फावर जो रंग असतो ना, तो. हळूहळू जवळ येतो, इतका जवळ, की तो बाहेर आहे की आपल्या डोक्यात, तेच कळेनासं होतं. मी चिडायला तोंड उघडायचो आणि कशावर चिडायचं होतं तेच विसरायचो. मागे अर्लीनचा आवाज, पुटपुटत, औषधांची नावं, कुणाला द्यायचं, कुणाला नाही, किती वेळा... जणू दूर कुठेतरी चर्चमध्ये कुणी जुन्या भाषेत प्रार्थना म्हणतंय. मला सगळी नावं पाठ झाली. अर्थ एकाचाही नाही.

आणि शेवटी ती कार्डावरून प्रश्न वाचायची, ‘हृदयविकार?’ ‘नाही.’ ‘दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट वि...’ ‘नाही, नाही, नाही, पुढे!’ तिचं वाक्य संपायच्या आत माझे तीन नकार. दर गुरुवारी.

आणि मग बाहुल्या मोठ्या करून मला सोडून द्यायची. सोडून! भर दुपारी! तुम्ही कधी मोठ्या बाहुल्यांनी बर्फातनं चाललायत? जग दुधात बुडतं. घरांना कडा राहत नाहीत. पोस्टाच्या पेटीला मी ‘नमस्कार बाई’ म्हटलंय. माझ्याच हातानं उभी केलेली पवनचक्की मला फुलासारखी दिसली, आभाळात उमललेली, पांढरी, एकीच्या दोन. मी, एमिल वोंद्राचेक, रस्त्यात उभा राहून फूल बघतोय! कॉफीच्या दुकानात गेलो की मिलो, तो दुकानदार, ओरडायचा, ‘अरे या, या! काय एमिल, आज परत प्रेमात का?’ मी म्हणायचो, ‘थेंब टाकलेत.’ तो म्हणायचा, ‘मग झाला का डोळा बरा?’ आणि मी, कप शोधत, चाचपडत, ‘बरा कुठला! बघायचा थेंब चालतो, बरं करायचा थेंब चालत नाही!’ अख्खं दुकान माझ्याबरोबर म्हणायचं ते शेवटी शेवटी. सुरात.

असा गेला हिवाळा. स्वप्नात जातो तसा.

मार्चमध्ये परीक्षा आली. लेखी झाली, तोंडी झाली, राहिलं प्रत्यक्ष. आणि बोर्डाचा नियम काय? पेशंट आपला आपण आणायचा! जत्रेत जशी गाय नेतात. परीक्षा कुठे? राजधानीत. राजधानी किती लांब? दोनशे वीस मैल! म्हणजे हिशेब बघा माझा, एकशे चाळीस मैलांवर औषध घ्यायला जाणार नाही म्हणून हटून बसलेला म्हातारा, औषध न घेता नुसता डोळा दाखवायला दोनशे वीस मैल निघाला, आणि ते सर्जनचं शहर वाटेतच! त्याच्या दवाखान्याची पाटी अर्लीननं जाताना बोटानं दाखवली. मांडीवर कोलाचे होते, आलुबुखार भरलेले आमचे गोड पाव, मी एक तोंडात कोंबला.

नदीच्या काठानं करकोचे उतरले होते. हजारो. मला ते नीट कुठे दिसणार, मला दिसला राखाडी धूर, आणि तो धूर गात होता. अर्लीननं खिडकी खाली केली. वीस मैल आम्ही त्या आवाजातून गेलो. मग ती एकदम म्हणाली, ‘एमिल, मी नापास झाले तर?’ मी म्हटलं, ‘तर माझं पेन परत दे.’

परीक्षेची खोली. कोपऱ्यात एक उंच परीक्षक, हातात कागद लावलेली फळी, तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही असा. अर्लीननं कपाळाची पट्टी तीनदा पुसली, माझी हनुवटी दोनदा वर-खाली केली. पण निळा दिवा आला आणि ती स्थिर झाली. दाब सांगितला, बाहुल्या मोठ्या केल्या, मागची नस बघितली, सगळं बरोब्बर. टेबलावर त्या थेंबांची बाटली. बरं करायचा थेंब! सहा महिने ज्याच्यासाठी झुरलो तो, हातभर अंतरावर. आता राहिले फक्त प्रश्न. मी तिन्ही नकार जिभेवर तयार ठेवले.

आणि ही बाई कार्ड उचलते, बघते... आणि खाली ठेवते. चष्मा काढते. खुर्ची जवळ ओढते. माझ्या त्या दुधाळ डोळ्यांना तिच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती दिसत नव्हती हो, पुढच्या बाकावरच्या पोरीनं मागे वळून बघावं तसा चेहरा. म्हणते, ‘एमिल, गवत कापायच्या दिवसात तुला श्वास कसा लागतो रे?’

आता असं विचारलं तर माणूस काय सांगणार?

मी म्हटलं, ‘छाती वाजते की. शिट्टी वाजल्यासारखी. रात्री बसून काढावी लागते. बापाचीही वाजायची. गवत आहे ते, वाजणारच!’

फळीवर लिहायचा आवाज थांबला. अर्लीननं टेबलाकडे हात नेला, आणि ती बाटली, माझी बाटली, बोटानं मागे सारली. म्हणाली, ‘हे थेंब मी याला देणार नाही. डोळ्यातून नाकात, नाकातून अंगात उतरतात. याचा श्वास अडकेल. याला सर्जनकडे पाठवीन.’

मी म्हटलं, ‘अगं, परीक्षा आहे! दे की!’ तर परीक्षक म्हणाला, ‘पेशंटनं बोलू नये.’

परत निघालो. मला वाटलं, बुडाली बिचारी, माझ्या छातीनं बुडवली. बाहेर सगळं सोनेरी धुकं. राजधानीतल्या विधानभवनाचा घुमट, माझ्याकडे बघत बघत हवेत तरंगत गेला. रस्ता नदीसारखा वाहत होता, आपण होडीत, आणि माझा डोळा लागला असावा. गाडी थांबली. अर्लीन म्हणाली, ‘उतर.’ मला वाटलं, खायला थांबलो, त्या वळणावरच्या हॉटेलात चेरी भरलेला गोड ‘पाय’ फार चांगला मिळतो. पाटी वाचायची सोय कुठे होती मला! दार उघडलं, खुर्चीत बसलो, टोपी काढली, म्हटलं, ‘चेरीचा एक, आणि कॉफी.’

समोरचा पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला, ‘हनुवटी ठेवा इथे.’

चार महिन्यांपूर्वी नंबर लावून ठेवला होता हो तिनं! परीक्षेच्याच दिवसाचा! सर्जननं पाच मिनिटं बघितलं, दुसरे थेंब लिहून दिले, छातीला चालणारे, आणि म्हणाला, ‘वेळेत सापडलं. कुणी शोधलं?’ मी बोट दाखवलं. बहुतेक कोटाच्या खुंटीकडे दाखवलं, पण तो समजला.

गाडीत मी जे काही ओरडलो, ते इथे सांगत नाही. शेवटी म्हटलं, ‘मला इथेच आणायचं होतं, तर ती शंभर तासांची शाळा कशाला केलीस?’

म्हणाली, ‘अख्ख्या तालुक्यात डोळे फक्त तुलाच आहेत का रे?’

पंधरा दिवसांनी बोर्डाचं पत्र आलं. पास. परीक्षकानं खाली लिहिलं होतं, कधी द्यायचं नाही हे या बाईंना कळतं. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, त्याच्या चौकटीला खिळा मी मारला. आता मिलोचे लाल डोळे तिथेच बरे होतात, गुराख्यांच्या डोळ्यातल्या कुसळांवर औषध तिथेच, अख्खा तालुका रांग लावून बरे करायचे थेंब घेऊन जातो. आणि ज्याच्या डोळ्यावर ती शिकली, ज्यानं अख्खा हिवाळा हनुवटी झिजवली, त्याची बाटली? छातीचं प्रकरण म्हणून ती सर्जनच्याच सहीनं, दर तीन महिन्यांनी एकशे चाळीस मैलांवरून.

गुरुवारी मात्र मी जातोच. सवय लागली. ती निळा दिवा लावते, दाब बघते, म्हणते, ‘उरलंय तेवढं आहे जागेवर.’ आणि मला बाहुल्या मोठ्या करून त्या दुधात सोडून देते. जाता जाता परवा म्हटलं, ‘अर्लीन, आता तरी माझं पेन दे.’

म्हणाली, ‘त्याच्याशिवाय मी औषधं कशानं लिहू?’