अकरा रोपं

मानसोपचाराच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर एक बसड्रायव्हर आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

“कुंड्यांचं सांग हं डॉक्टरांना. त्यांनीच सांगितलं होतं, झाडं लाव, मन रमेल म्हणून.”

“लावली तूच, ताई. मी नुसतं पाणी घालतो.”

“तेही थोडं नाही. महिनाभर अंथरुणातून उठत नव्हतास. टोमॅटो आले का वर?”

“आले. एका कुंडीत अकरा.”

“मग एक चांगलं ठेव, बाकीची उपटून टाक. नाहीतर एकही धड वाढायचं नाही.”

“काल बसलो होतो उपटायला.”

“मग?”

“हात लावला आणि मागे घेतला. तासभर तिथेच बसून राहिलो.”

“अरे, बोटभर रोपं ती.”

“जिवंत आहेत गं.”

“ती बाई अचानक बसपुढे आडवी आली. तुझी चूक नव्हती, चौकशीतही तसंच लिहिलंय.”

“लिहिलंय. पण चाक माझ्या बसचं होतं.”

“बरं, राहू दे. मी उपटते संध्याकाळी.”

“नको, ताई. आणखी दहा कुंड्या आण.”

“दहा? गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही.”

“माझ्या खोलीत खिडकीशी ऊन येतं.”

“तिथे तुझी खाट आहे.”

“काढ ती. तसाही झोपतो कुठे मी?”